तैलचित्र नको, टेबल परत मांडा : तालुका वकील संघाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद,
तालुका वकील संघ

स. न. वि. वि.

आपल्या सर्वसाधारण सभेत माझ्या आईबद्दल जो ठराव झाला, त्याची प्रत मला मिळाली. तिचं तैलचित्र नव्या न्यायालय इमारतीतल्या बार रूममध्ये लावायचं, त्यासाठी सभासदांकडून वर्गणी काढायची आणि अनावरणाला आम्हा कुटुंबीयांना बोलवायचं, असं त्यात म्हटलं आहे. सोबत सचिवांची चिठ्ठी होती. आईचा काळा कोट आणि गाऊन काचेच्या पेटीत ठेवायला द्यावा, आणि जमल्यास तिच्या जुन्या डायऱ्याही.

त्याच इतिवृत्तात थोडं खाली आणखी दोन निर्णय आहेत. नव्या इमारतीच्या नकाशात महिला वकिलांसाठी दाखवलेली खोली संघाच्या कार्यालयाला घ्यायची. आणि मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, कोर्टाच्या आवारात मांडलं जाणारं मोफत सल्ल्याचं टेबल 'नव्या जागेत सोय नसल्याने' बंद करायचं.

जुन्या इमारतीतली महिलांची खोली आईने अर्जांवर अर्ज करून मिळवली होती. टेबल तिनेच सुरू केलं होतं. चित्र लावायचं आणि ही दोन्ही कामं मोडायची, हे एकाच सभेत एकाच हाताने कसं मंजूर झालं, ते मला समजलेलं नाही. सभेत कुणाला त्यात विसंगती दिसली नाही का, हेही इतिवृत्तावरून कळत नाही. 'सर्वानुमते मंजूर' एवढंच आहे.

कुणाच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही. अध्यक्षसाहेब, तुम्ही आमच्या अप्पांचे, म्हणजे वडिलांचे, विद्यार्थी. आईला नेलं त्या दिवशी भर पावसात स्मशानापर्यंत चालत आलात. तुमच्यापैकी निम्मे लोक आमच्या ओसरीवर चहा प्यायलेले आहेत. घरी येऊन दोन शब्द बोलले असते तर तुम्ही ऐकूनही घेतलं असतं. पण खोली आणि टेबल आमच्या घरच्या मालमत्तेत मोडत नाहीत, त्यांच्याबद्दल घरात बसून बोलणं मला बरोबर वाटलं नाही. ज्यांचं ते आहे त्यांनीही वाचावं, म्हणून उघड लिहिते आहे.

सुरुवात शोकप्रस्तावापासून करते. आईचा उल्लेख त्यात 'आदरणीय मुख्याध्यापकांच्या सुविद्य पत्नी', 'आदर्श माता' आणि 'संसार सांभाळून समाजसेवेचा वसा जपणाऱ्या मायाळू भगिनी' असा आहे. वकील संघाने वकिलाबद्दल केलेल्या प्रस्तावात तिच्या वकिलीचं एकही वाक्य नाही. तिला वकिलीची सनद कधी मिळाली, कुठली कामं केली, कुठे हरली, कुठे जिंकली, काहीच नाही. अप्पा असते तर त्यांनी लाल शाईने समासात 'विषयाला धरून नाही' असा शेरा मारला असता.

तेव्हा नोंदीसाठी लिहिते. जन्म १९३९. लग्नानंतर, माझा थोरला भाऊ रांगत असताना, कायद्याचा अभ्यास. मी दोन वर्षांची असताना, १९६८ साली, सनद. आपल्या तालुका कोर्टातली पहिली स्त्री वकील. २०११ पर्यंत नियमित कामकाज, म्हणजे ४३ वर्षं. त्यानंतरही मंगळवारचं टेबल, ते थेट मार्च २०२० च्या टाळेबंदीपर्यंत. वयाच्या ८६ व्या वर्षी, यंदाच्या आषाढात, गेली.

'संसार सांभाळून' हे तर साफ खोटं आहे. आईने संसार सांभाळला नाही. आमच्या आजीने, म्हणजे तिच्या सासूने सांभाळला. 'कोर्टात जा, पण जेवून जा' एवढी एकच अट आजीने घातली होती. आमच्या वेण्या आजीने घातल्या, डबे आजीने भरले, तापात कपाळावर पट्ट्या आजीने ठेवल्या. अप्पा शाळेतून आल्यावर भाजी आणायचे आणि ती निवडायचेही, आणि त्यावरून गावात जे बोललं जायचं ते त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं. माझ्या एकाही स्नेहसंमेलनाला आई आली नाही. लहानपणी मला याचा राग यायचा, तो पुष्कळ वर्षं टिकला, आणि तो सगळाच गेला असंही म्हणवत नाही. पण तिला 'संसार सांभाळून वकिली करणारी' म्हटलं की आजी आणि अप्पा पुसले जातात, आणि आज कोर्टात येणाऱ्या तरुण मुलींना वाटतं की दोन्ही एकटीने पेलायचं असतं. त्यातल्या किती जणी पहिलं मूल झाल्यावर सनद कपाटात ठेवून देतात, ते तुम्हीच पाहता.

आई म्हणून तिने आम्हाला एक शिस्त मात्र लावली. घरी आलेल्या बाईला पाणी विचारायचं, नाव विचारायचं नाही. आम्ही कधी विचारलं नाही. आज बाजारात एखादी म्हातारी थांबवून म्हणते, 'तुमच्या आईनी माझं काम केलं होतं', तेव्हाही तिचं नाव माझ्या तोंडातून निघत नाही.

आता टेबलाची गोष्ट. ती तुमच्यातल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे, नव्यांना कदाचित नसेल.

१९६८ साली आई पहिल्यांदा बार रूममध्ये गेली तेव्हा सगळे वकील आदराने उठून उभे राहिले. ती बसली तरी कुणी बसेना. ती बाहेर पडल्यावर मंडळी बसली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. वयस्कर माणसांना दिवसभर उभं कशाला करायचं, म्हणून ती व्हरांड्यात टायपिस्ट बसायचे त्यांच्या शेजारच्या बाकावर बसू लागली. तो बाक पुढे तिचं ऑफिस झाला. (हा किस्सा ती हसत सांगायची. मला तो तितकासा विनोदी वाटत नाही.)

व्हरांड्यात बसल्यामुळे ती रस्त्यावरून दिसायची. कोर्टासमोरच मंगळवारचा बाजार भरतो. खेड्यातल्या बायकांना आठवड्यातून तेवढ्याच दिवशी, कुणाला कारण न सांगता, तालुक्याला येता यायचं. अंडी विकायची, तेल-मीठ घ्यायचं आणि जाताजाता कोर्टाच्या पायरीशी टेकायचं. काळ्या कोटातली बाई दिसली की त्या जवळ यायच्या. आधी इकडचं तिकडचं बोलायच्या. मग हळूच पदराच्या गाठीतून नोटीस निघायची, नाहीतर घडी घालून घालून फाटलेला सातबारा.

१९७२ च्या दुष्काळाने ही ये-जा वाढवली. खडी फोडायच्या कामांवर बायकांचे हजेरीपट बघायला ती रविवारी जायची. माझं वय सहा. आम्हा भावंडांना सोबत न्यायची, कारण रविवार आजीच्या उपासाचा आणि विश्रांतीचा. हजेरीपटावर अंगठा एका बाईचा आणि पैसे घेणारा भलताच, अशा तक्रारी ती जागेवर बसून लिहून घ्यायची. सुकडीची चव मला त्या रविवारांमुळे माहीत आहे. त्या कामांवर तिला भेटलेल्या बायका पुढे मंगळवारी येऊ लागल्या, आणि त्यांनी आणखी बायका आणल्या. बाक पुरेना तेव्हा अप्पांनी शाळेतलं मोडकं टेबल दुरुस्त करून दिलं. तेच हे टेबल.

तिथे काय चालायचं? मुख्य काम पोटगीचं. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली महिन्याला जास्तीत जास्त ५०० रुपये मिळू शकत होते, ती मर्यादा महाराष्ट्राने १९९९ साली १५०० केली आणि केंद्राने २००१ साली काढूनच टाकली. म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षं नवरा कितीही मोठा बागायतदार असला तरी बायकोची किंमत कायद्याने ५०० वर थांबवलेली होती. प्रत्यक्षात ५०० तरी कोण देतं? ७५, १००, १५० असेच हुकूम व्हायचे. एकाने थकलेली पोटगी पोत्यातून चिल्लर आणून भरली, पाच पैशांची आणि दहा पैशांची नाणी. बाई लाजेने रडायला लागली. आईने नवऱ्यालाच कोर्टाचे पैसे सांभाळणाऱ्या नाझरसमोर बसवून ती मोजायला लावली, आणि मोजून होईपर्यंत स्वतः शेजारी उभी राहिली. संध्याकाळ झाली. शेवटी अकरा रुपये कमी भरले, तेही तिने वसूल करून घेतले. पुढच्या महिन्यापासून त्याने नोटा आणल्या.

ऐंशीच्या दशकात परित्यक्तांचा प्रश्न महाराष्ट्रात चर्चेत आला तेव्हा टाकलेल्या बाईला स्वतंत्र रेशनकार्ड मिळावं, यासाठीचे अर्ज या टेबलावर लिहिले गेले. १९८३ साली सासरच्या छळाविरुद्धचं कलम ४९८अ आलं, पुढे घरगुती हिंसाचाराचा कायदा २००६ च्या ऑक्टोबरात अंमलात आला, तेव्हा आई ६७ वर्षांची होती. तिने त्याची मराठी टिपणं काढून, झेरॉक्स करून, अंगणवाडी सेविकांना वाटली. त्या कायद्यात घरात राहण्याचा हक्क लिहिलेला आहे हे सांगताना तिचा आवाज चढायचा. तो एरवीही चढायचा. मायाळू वगैरे ती नव्हती. बोलायला फटकळ होती, आणि खोटं बोलणाऱ्या पक्षकार बाईलाही टेबलावरून उठवायची.

आता तुमच्या कारणांकडे येते. सभेत टेबलाच्या विरोधात तीन मुद्दे मांडले गेले, असं मला उपस्थितांकडून कळलं.

पहिला, आता तालुका विधी सेवा समिती आहे, टेबलाची गरज उरली नाही. समिती आहे आणि चांगलं काम करते, हे मान्य. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, लागू झाला नोव्हेंबर १९९५ मध्ये, आणि त्याच्या कलम १२ प्रमाणे कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. ही तरतूद आई येईल त्या बाईला पाठ म्हणून दाखवायची. पण नव्या इमारतीत समितीचं कार्यालय वरच्या मजल्यावर आहे. खाली फाटकाशी सुरक्षा तपासणी, रजिस्टरात नाव, गाव, कामाचं स्वरूप. सुरक्षा हवीच, त्यात मला काही चूक दिसत नाही. पण ज्या बाईने घरी 'बाजाराला जाते' एवढंच सांगितलंय, ती स्वतःच्या गावच्या माणसाच्या नावाखाली त्या रजिस्टरात 'नवऱ्याविरुद्ध' असं लिहिणार आहे का? टेबलाचा उपयोग समितीच्या जिन्यापर्यंत पोचवण्यासाठी होता. समितीकडे गेलेल्या कितीतरी अर्जांची सुरुवात मंगळवारी, पिशवीतली मेथी बाजूला ठेवून झालेली आहे.

दुसरा मुद्दा, टेबल म्हणजे पक्षकार ओढण्याचा प्रकार. बार कौन्सिलच्या नियम ३६ ने वकिलाला जाहिरात आणि काम मागणं मना आहे. हा आक्षेप ज्यांनी घेतला त्यांना माझी विनंती आहे, आपली पहिली काही वकीलपत्रं आठवून पाहावीत. आईने टेबलावर आलेल्या बाईचं वकीलपत्र स्वतः कधी घेतलं नाही, कारण तिला हा आरोप १९७० पासून माहीत होता. तिच्याकडे तालुक्यातल्या वकिलांची यादी असायची, आणि काम पाळीपाळीने वाटलं जायचं. नवीन ज्युनियरला आधी. आज सभेत ज्येष्ठ म्हणून पहिल्या रांगेत बसणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरची पहिली चूल त्या यादीवर पेटली आहे. नावं मी लिहिणार नाही, तुम्हाला ती माहीत आहेत.

तिसरा मुद्दा, जागा नाही. याला मी उत्तर देत नाही. दुचाकींसाठी शेड काढायला जागा निघाली आहे.

महिलांच्या खोलीबद्दल लिहायला मला संकोच वाटतो, पण लिहिलंच पाहिजे. १९६८ पासून पुढची कित्येक वर्षं या कोर्टात स्त्री वकिलाला लघवीला जायची सोय नव्हती. आई सकाळी घरून निघाल्यापासून पाणी प्यायची नाही. फारच झालं तर मागच्या चाळीत एका पट्टेवाल्याचं बिऱ्हाड होतं, त्यांच्याकडे जायची. त्या माउलीने तिला कधी 'का आलात' विचारलं नाही. नव्वदच्या दशकात कोर्टात पाच स्त्रिया झाल्या, तेव्हा पाचही जणींनी सह्या करून जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज दिले आणि रेकॉर्ड रूममागची भंगार ठेवायची खोली मिळवली. एक खिडकी, एक पंखा, मागे संडास. त्या खोलीत मुलींनी बाळांना पाजलं आहे, तब्येत बरी नसताना पाठ टेकली आहे. उलटतपास बिघडला म्हणून दार लावून रडूनही घेतलं आहे. आज आपल्या बारमध्ये स्त्रिया पाच राहिलेल्या नाहीत, त्या किती आहेत ते तुमच्या मतदार यादीत बघा. त्यांना आता 'कॉमन बार रूममध्ये बसावे, स्त्री-पुरुष भेद नको' असं सांगण्यात आलं आहे. भेद नको हे आईलाही हवं होतं. १९६८ मध्ये.

१५ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या सगळ्या न्यायालयांच्या आवारात पुरुष, स्त्रिया, दिव्यांग आणि तृतीयपंथी यांच्यासाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं असलीच पाहिजेत, असा निकाल दिला. हे तुम्हाला मी सांगावं, हे बरं दिसत नाही. पण नकाशावरची महिलांची खोली, तिच्या मागच्या स्वच्छतागृहासकट, संघाच्या कार्यालयाकडे गेली तर मुलींनी कुठे जायचं, याची व्यवस्था ठरावात नाही.

आणि आता असा विषय, ज्याच्यावर सभेत चर्चा झाली नाही, होणारही नव्हती. हक्कसोडपत्र, म्हणजे बहिणीने माहेरच्या मिळकतीतला हिस्सा सोडल्याचा कागद.

आईचं सगळ्यात जास्त नुकसान तिच्या एका हट्टाने केलं. बहिणींचं हक्कसोड करायला कुणी भाऊ आला, तर ती बहिणीशी एकटीशी, भाऊ आणि नवरा दोघांनाही बाहेर बसवून, बोलल्याशिवाय मसुदा करत नसे. 'ताई, यात काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे का? ही सही केली की माघारी येता येत नाही, हे कुणी सांगितलं का?' बस एवढंच विचारायची. हक्क सोडू नका, असं ती कधी म्हणाली नाही. सोडायचा असेल तर उमजून सोडा, म्हणायची. बऱ्याच बहिणी सगळं ऐकून घेऊन तरीही सही करायच्या, कारण माहेर तुटण्याची भीती जमिनीपेक्षा मोठी असते. काही करायच्या नाहीत. तेवढ्यावरून भाऊमंडळी दुसऱ्या वकिलाकडे जायची, जिथे दहा मिनिटांत काम व्हायचं.

महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हिस्सा १९९४ साली दिला. देशाने २००५ साली. विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं की हा हक्क जन्मानेच मिळतो, आणि २००५ ची दुरुस्ती आली तेव्हा वडील हयात असण्याची गरज नाही. कायदा पुढे पुढे जातो आहे. आणि आपल्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर राखीपौर्णिमेच्या आणि भाऊबीजेच्या आसपास ओवाळणीला आलेल्या बहिणींची रांग लागते, हातात साडीची पिशवी, आणि शिकवलेलं एकच वाक्य, 'राजीखुशीने'. त्या रांगेतल्या प्रत्येक कागदाचा मसुदा कुणीतरी केलेला असतो. आईच्या चित्राखाली उभं राहून भाषण करणाऱ्याने आदल्या आठवड्यात असे किती मसुदे, बहिणीचं तोंडही न बघता, केले असतील, या विचाराने मला त्या कार्यक्रमाला यायची इच्छा उरलेली नाही. कडक लिहिलं असेल तर माफ करा, पण मागे घेत नाही.

पुस्तकांचंही सांगून टाकते. २०१२ साली तिने ऑल इंडिया रिपोर्टर आणि महाराष्ट्र लॉ जर्नल या निकालसंग्रहांचे तिच्याकडचे खंड संघाच्या ग्रंथालयाला दिले. ते पोत्यांत भरून जुन्या इमारतीच्या जिन्याखाली पडले आहेत, खालची पोती भिजलेली आहेत. आता सगळं मोबाईलवर मिळतं, हे खरं. मग तसं सांगून परत करायचे होते. तिच्या समासातल्या टिपणांसाठी तरी मी ते घेतले असते.

डायऱ्या मी देणार नाही. तुम्ही वकील आहात. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड न करण्याचं बंधन काम संपल्यावरही संपत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको होतं. त्या डायऱ्यांमध्ये या तालुक्यातल्या शेकडो घरांच्या आतल्या गोष्टी आहेत, तुमच्यातल्या काहींच्या घरांच्याही असतील. मी त्या वाचलेल्या नाहीत, वाचणारही नाही. कोट आणि गाऊन तिने शेवटच्या वर्षी स्वतःच्या हाताने एका मुलीला देऊन टाकला, जिच्याकडे नवा घ्यायला पैसे नव्हते. ती मुलगी तो घालून तुमच्यासमोर रोज उभी राहते. काचेच्या पेटीची गरज नाही.

खुलं पत्र लिहिण्याची ही रीत मला आईमुळे माहीत झाली. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सोडून दिलं. त्यावर १९७९ च्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. शिव्या नाहीत, आरडाओरड नाही. निकाल कुठे चुकला एवढंच, मुद्द्याला धरून. पुढे आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या पत्राची कुणीतरी पाठवलेली प्रत आईने जपून ठेवली होती आणि प्रत्येक ज्युनियरला वाचायला लावायची. तुमच्यापैकी काहींनी ती वाचली आहे. माझं पत्र त्या तोडीचं नाही, माझी मागणीही तेवढी मोठी नाही.

तर मागण्या अशा.

१. तैलचित्राचा ठराव स्थगित करावा. पुढच्या मागण्यांचं काय होतं ते पाहून त्याचा विचार करता येईल. जमलेली वर्गणी सभासदांना परत करावी किंवा त्यांच्या संमतीने टेबलासाठी वापरावी.

२. महिला वकिलांची खोली नकाशाप्रमाणे, स्वच्छतागृहासह, महिला वकिलांकडे द्यावी. किल्लीही त्यांच्याकडेच राहावी. संघाच्या कार्यालयाला दुसरी जागा पाहावी.

३. मंगळवारचं टेबल फाटकाच्या बाहेरच्या बाजूला, सुरक्षा तपासणीच्या अलीकडे, पुन्हा मांडावं. टाळेबंदीनंतर ज्या दोन तरुण वकील मुली ते चालवत होत्या, त्या आजही तयार आहेत. रजिस्टर नको. वकिलांची यादी पाळीपाळीने, पूर्वीसारखीच. टेबल, दोन बाकं आणि पावसाळ्यासाठी पत्र्याचं छप्पर आम्ही भावंडं देतो. त्यावर कुणाचंही नाव टाकू नये.

४. हक्कसोडपत्राचा मसुदा करण्यापूर्वी बहिणीशी एकटीशी बोलावं, आणि तिला हवा असल्यास वेगळा वकील द्यावा, असा ठराव संघाने स्वतःहून करावा. कायद्याने सक्ती नाही, मला माहीत आहे. संघाने शिस्त म्हणून पाळावी.

५. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांना ठेवायला सांगितल्या. तो आदेश त्या संघटनेपुरता होता. आपण वाट न पाहता घटनादुरुस्ती करावी. 'महिला प्रतिनिधी' हे एक पद आणि ८ मार्चला रांगोळी, यावर आता भागत नाही. दर ८ मार्चला भाषणात देशातल्या सुरुवातीच्या स्त्री वकील कॉर्नेलिया सोराबजी नाशिकच्या होत्या याचा अभिमान सांगितला जातो. त्यांनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा १८९२ साली दिली आणि भारतात स्त्रियांना वकिली खुली करणारा कायदा १९२३ साली आला, हेही कुणी सांगावं.

६. शोकप्रस्ताव दुरुस्त करावा. 'मुख्याध्यापकांच्या पत्नी' हे राहू द्या, तिला अप्पांचा अभिमान होता. पण आधी 'सनद १९६८, या न्यायालयात ४३ वर्षे वकिली' असं लिहावं. 'संसार सांभाळून' काढावं.

७. खंडांची पोती या महिन्यात माझ्याकडे पाठवावीत. टेंपोचं भाडं मी देईन.

नव्या इमारतीचं उद्घाटन पुढच्या महिन्यात आहे, असं ऐकते. त्याआधी विशेष सभा बोलावण्यासाठी लागणाऱ्या सह्या महिला सभासदांनी गोळा केल्या आहेत आणि काही पुरुष सभासदांनीही दिल्या आहेत. सभेची नोटीस निघाल्यास मला सभासद नसल्यामुळे आत बसता येणार नाही. बाहेर थांबेन. उत्तर लेखी द्यावं, तोंडी नको. आईला तोंडी आश्वासनांचा अनुभव फार होता.

टेबल सध्या आमच्या पडवीत आहे. एक पाय डुगडुगतो, सुताराला सांगितलं आहे. मंगळवारी सकाळी आठच्या आत कुणीतरी येऊन घेऊन जावं, नंतर बाजारामुळे गाडी कोर्टापर्यंत जात नाही.

कळावे,
आपल्या बारच्या पहिल्या स्त्री वकिलाची मुलगी